वाघ्या घेवड्याला नाव मिळाले. आता बियाणे कोण देणार?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या भिवंडीच्या घरी राजमा शिजलाच नाही. आईने तो शनिवारी रात्री भिजत घातला होता. सकाळी कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, मग आणखी चार. तरी दाणा दाताखाली करकरतच होता. शेवटी आईने रिकामे पाकीट माझ्या हातात दिले. म्हणाली, "तू इंजिनीअर ना? बघ काय लिहिलंय त्याच्यावर." पाकिटावर पॅकिंगची तारीख होती, किंमत होती, प्रथिनांचा तक्ता होता. दाणा कोणत्या वाणाचा, कुठल्या शेतातला, काढणी कधी झाली, यातले काहीच नव्हते.

त्याच आठवड्यात कॉलेजातल्या एका मित्राने गावाहून आणलेला किलोभर घेवडा दिला. त्याचे गाव सातारा जिल्ह्यात, उत्तर कोरेगावात. तांबूस दाण्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे. तो तीन शिट्ट्यांत लोण्यासारखा शिजला. मित्राला म्हटले, अजून दोन किलो पाठव. तो म्हणाला, "घरच्यापुरताच पेरतो आता. बाकी रानात सोयाबीन."

या लेखाचा विषय त्या दोन वाक्यांत आला. ज्या कडधान्याला सरकारदरबारी नाव मिळाले आहे, ते शेतकरी घरच्यापुरतेच का पेरतो? आणि त्यावर पीकशास्त्राकडे, म्हणजे वाण सुधारण्याच्या शास्त्राकडे, काही उत्तर आहे का? माझ्या मते आहे. मात्र ते उत्तर आपोआप शेतात पोहोचणार नाही.

राजमा, फरसबी, घेवडा: एकच की वेगळे?

तिन्ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत. शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. कोवळी शेंग खाल्ली की ती फरसबी किंवा श्रावण घेवडा, वाळलेला दाणा खाल्ला की राजमा. साताऱ्याकडे या दाण्यालाच घेवडा म्हणतात. घोळ इतकाच की आपल्याकडे पावट्याच्या, वालाच्या शेंगांनाही काही भागांत घेवडा म्हणतात, पण ते पीक वेगळे. पडघा, अनगाव, वज्रेश्वरीच्या बाजूला भात निघाल्यावर ओलीवर जो वाल पेरतात, तो राजम्याचा सख्खा भाऊ नव्हे, लांबचा नातेवाईक.

राजमा मूळचा अमेरिका खंडातला. तो एकदा नव्हे, दोनदा माणसाळला: एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, हजारो वर्षांपूर्वी. अँडीजकडचे दाणे साधारण मोठे, मेक्सिकोकडचे लहान. कोलंबसानंतर हे पीक जगभर फिरले आणि आपल्याकडेही आले. म्हणजे जम्मूचा राजमा काय किंवा कोरेगावचा घेवडा काय, दोघांचे मूळ पाहुण्याचे. पण शेकडो हंगाम एकाच मातीत, एकाच हवेत शेतकऱ्यांनी निवडून पेरलेले बी शेवटी तिथलेच होते. याला गावरान वाण म्हणतात.

वाघ्या घेवड्याचे वेगळेपण काय?

कोरेगाव तालुक्यातला हा घेवडा खरिपात, पहिल्या पावसावर पेरतात. सुमारे अडीच महिन्यांत पीक हाती येते आणि त्याच रानात रब्बीची ज्वारी घेता येते. अवर्षणाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यासाठी हे गणित फार मोलाचे आहे. दाण्यावरच्या पट्ट्यांमुळे तो 'वाघ्या'.

२०१६ मध्ये वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. योगायोग असा की तेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्यानंतर २०२३ मध्ये जम्मूच्या भदरवाह राजम्यालाही मानांकन मिळाले. उत्तराखंडच्या मुनस्यारी राजम्याकडेही ते आहे.

मानांकनाने काय मिळते आणि काय मिळत नाही?

मानांकन नावाचे रक्षण करते. दुसऱ्या कुठल्या प्रदेशातला दाणा 'कोरेगावचा वाघ्या घेवडा' म्हणून विकता येऊ नये, ही त्याची ताकद. पण नावावर पहारा बसला म्हणून शेतातला रोग हटत नाही. उत्पादन वाढत नाही. पाऊस लांबला तर फुले गळायची थांबत नाहीत.

याहून नाजूक मुद्दा बियाण्याचा आहे. घेवड्याचा एक मोठा शत्रू म्हणजे मोझॅक विषाणू. पाने आकसतात, पिवळी-हिरवी चट्टेदार होतात, शेंगा कमी धरतात. मावा हा विषाणू झाडाझाडांवर पसरवतो, आणि तो बियाण्यातूनही पुढच्या हंगामात जातो. करपा रोगाची बुरशीही बियाण्यातून जाते. त्यामुळे शेतकरी प्रेमाने घरचे बी राखतो, तेव्हा वाणाबरोबर कधी कधी रोगही राखला जातो. मानांकनाच्या प्रमाणपत्रात यावर औषध नाही. ते असते पैदासकाराच्या प्लॉटमध्ये.

शेतकरी सोयाबीनकडे का वळतो?

मित्राचे उत्तर सरळ होते: "सोयाबीनला निदान भाव तरी माहीत असतो." २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो प्रत्यक्ष बाजारात मिळतो का, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण भांडायला एक आकडा तरी आहे. राजम्याला हमीभावच नाही. हमीभावाच्या यादीत तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर आहेत, राजमा नाही. केंद्राने कडधान्यांच्या स्वयंपूर्णतेसाठी ११,४४० कोटी रुपयांची मोहीम मंजूर केली, तिचाही भर तूर, उडीद आणि मसुरीवर आहे.

त्यात खताचा खर्च. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. राजमा या बाबतीत कच्चा आहे. आपल्या जमिनींत त्याच्या मुळांवर गाठी नीट बनत नाहीत. म्हणून हरभऱ्याला हेक्टरी २० ते २५ किलो नत्र पुरते, तर राजम्याला १०० किलोच्या आसपास द्यावे लागते. कडधान्य असूनही खत मागणारे पीक!

आणि दुसऱ्या टोकाला आपण राजमा आयात करतो. म्यानमार, ब्राझील, अर्जेंटिना, इथिओपिया अशा देशांतला माल बंदरात उतरतो. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या आमच्या भिवंडीच्या गोदामांत किराण्याचे डोंगर रचलेले असतात. त्यात कोणत्या देशाचा राजमा कोणत्या पाकिटात गेला, हे तुम्हा-आम्हाला कळत नाही.

वाण सुधारतात म्हणजे नेमके काय करतात?

इथे थोडे शास्त्र लागेल, पण कुकरच्या शिट्टीपेक्षा अवघड नाही.

पहिली पद्धत निवडीची. गंमत म्हणजे निवडीचा पाया ज्या प्रयोगाने घातला गेला, तो याच पिकावर झाला होता. विल्हेल्म योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने 'प्रिन्सेस' नावाच्या घेवड्याचे दाणे वजनानुसार वेगळे करून पेरले. मिसळीच्या बियाण्यातून जड दाणे निवडले तर पुढच्या पिढीचे दाणे सरासरीने जड निघाले. पण एकाच दाण्यापासून वाढवलेल्या वंशात जड निवडा किंवा हलके, पुढच्या पिढीची सरासरी तीच राहिली. १९०३ मध्ये त्याने हे मांडले. जड-हलके हा फरक तिथे खतपाण्याचा होता, वंशाचा नव्हता. याच योहान्सनने १९०९ मध्ये 'जीन' हा शब्द रूढ केला.

कोरेगावच्या शेतकऱ्यासाठी याचा अर्थ काय? गावरान बियाण्यात अनेक वंश मिसळलेले असतात. कुणाला रोग कमी लागतो, कुणी आठवडाभर आधी पिकतो, कुणाचे पट्टे ठसठशीत असतात. घेवडा स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे चांगल्या झाडाचे बी वेगळे राखले तर पुढच्या पिढ्यांत गुण टिकतात. गावोगावचे वाघ्या बियाणे गोळा करायचे, झाडनिहाय ओळी पेरायच्या, रोगट ओळी काढून टाकायच्या, उरलेल्यांची तुलना करायची. हे काम स्वस्त आहे आणि चार-पाच हंगामांत निकाल दिसू शकतो. मात्र निवडीला मर्यादा आहे: जो गुण मिसळीत मुळातच नाही, तो कितीही निवडून मिळणार नाही.

दुसरी पद्धत संकराची. हवा तो गुण दुसऱ्या वाणातून आणायचा. घेवड्याचे फूल उमलण्याआधीच परागीभवन उरकते. म्हणून कळी चिमट्याने उघडून नर भाग काढतात आणि दुसऱ्या वाणाचा पराग लावतात. हात हलका हवा. अनेक कळ्या गळून पडतात.

पण वाघ्याचा रोगप्रतिकारक वाणाशी संकर केला तर निम्मा वाघ्या हरवतो. पट्टे जातील, चव जाईल, आणि मानांकनाचा अर्थच उरणार नाही. यासाठी पैदासकार 'बॅकक्रॉस' करतात. पहिल्या संकरात वाघ्याचा वाटा सरासरी ५० टक्के. त्यातली प्रतिकारक झाडे पुन्हा वाघ्याशी जुळवली की ७५ टक्के, मग ८७.५, मग ९३.७५. पाचव्या फेरीनंतर ९८ टक्क्यांहून अधिक वाघ्या आणि त्यात बसवलेला एक नवा गुण. मोबाइलच्या अ‍ॅपला अपडेट येते तेव्हा अ‍ॅप तेच राहते, फक्त त्यातली त्रुटी दुरुस्त होते. तसेच काहीसे.

पूर्वी प्रत्येक फेरीत झाडाला मुद्दाम रोग लावून पाहावे लागे. आता पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून जनुकीय खूण, म्हणजे मार्कर, तपासता येते. राजम्याचा जनुकीय नकाशा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ गुणसूत्रांच्या जोड्या आणि सुमारे २७ हजार जनुके असलेले हे पीक आता अंधारात चाचपडत सुधारावे लागत नाही.

म्हणजे हे जीएम आहे का?

नाही. वर सांगितलेले सगळे काम निवड आणि संकर यांचे आहे. डीएनएची खूण तपासणे म्हणजे डीएनए बदलणे नव्हे; आधार कार्ड तपासल्याने माणूस बदलत नाही. तिसरी एक पद्धत उत्परिवर्तनाची आहे, किरणांचा मारा करून बियाण्यात नवे बदल घडवण्याची. 'पुसा पार्वती' ही फरसबीची जात क्ष-किरणांच्या अशाच प्रयोगातून निघाली.

जनुकीय अभियांत्रिकीने केलेला घेवडाही जगात आहे. ब्राझीलच्या सरकारी एम्ब्रापा संस्थेने सोनेरी मोझॅक विषाणूला दाद न देणारा वाण तयार केला आणि २०११ मध्ये त्याला तिथे मंजुरी मिळाली. आपल्याकडे मात्र व्यापारी शेतीत असलेले जीएम पीक बीटी कापूस हे एकच. घेवड्याच्या चर्चेत जीएमचा वाद ओढून आणला, की जे साधे, बिनवादाचे काम आजच करता येईल तेही मागे पडते. मला ती घाई नको वाटते.

रात्र गरम झाली की शेंग का धरत नाही?

भिवंडीत पावसाळ्यात घेवडा का घेत नाहीत, याचे एक कारण धो-धो पाऊस आणि पाणी धरून ठेवणारी भातजमीन. दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते: उबदार रात्री. आपल्या पट्ट्यात पावसाळी रात्रीही पारा २४-२५ अंशांच्या खाली क्वचितच जातो. राजम्याचा परागकण थंड रात्रीचा सोबती. रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर राहू लागले की परागकण नीट तयार होत नाहीत, फुले गळतात, शेंग धरली तरी दाणे कमी भरतात. झाड हिरवेगार दिसते आणि हाती काही लागत नाही.

कोरेगाव समुद्रसपाटीपासून उंचावर आहे, म्हणून तिथे जमते. पण हवामान बदलात रात्रीचे तापमानही वाढत आहे. जी अडचण आज भिवंडीची आहे, ती उद्या थोड्याफार प्रमाणात कोरेगावची होऊ शकते. वाण तयार व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. म्हणून वीस वर्षांनंतरच्या रात्रीसाठीचे काम आज सुरू व्हायला हवे.

ते शक्य आहे का? कोलंबियातल्या सीआयएटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये उष्णता सोसणाऱ्या राजम्याचे ३० वंश जाहीर केले. त्यातल्या अनेकांत टेपरी बीन या वाळवंटी भावंडाचे रक्त होते. अमेरिका-मेक्सिकोच्या कोरड्या पट्ट्यात उगवणारे ते पीक राजम्याशी सहजी जुळत नाही. संकर झाला तरी गर्भ अर्ध्यावर मरतो, म्हणून तो काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. याच संस्थेच्या जनुकपेढीत घेवड्याचे ३७ हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. कोरेगावच्या वाघ्यासाठी हवा तो गुण त्या कपाटात कुठेतरी असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र तो मागायला कुणीतरी जावे लागेल.

ताटात काय फरक पडतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. यावर गोळ्या आहेत, पण रोजच्या जेवणातले लोह वाढवता आले तर?

आफ्रिकेतल्या रवांडात हे करून पाहिले गेले. तिथे घेवडा हे रोजचे अन्न. 'हार्वेस्टप्लस' कार्यक्रमातून लोहाचे प्रमाण जास्त असलेले वाण शेतकऱ्यांना दिले गेले. मग विद्यापीठात शिकणाऱ्या, लोह कमी असलेल्या १९५ तरुणींवर अभ्यास झाला. एका गटाला किलोमागे सुमारे ८६ मिलिग्रॅम लोहाचा घेवडा, दुसऱ्या गटाला ५० मिलिग्रॅमचा साधा. १२८ दिवसांनी पहिल्या गटाची लोहाची स्थिती जास्त सुधारलेली आढळली. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हार्वेस्टप्लसचे संस्थापक हॉवर्थ बॉइस यांना जागतिक अन्न पुरस्कार विभागून मिळाला.

या कहाणीला एक कानपिचकीही जोडलेली आहे. घेवड्यातले फायटिक आम्ल लोह शरीरात शोषू देत नाही. म्हणून ते कमी असलेला वंश तयार झाला. रवांडातल्याच चाचणीत तो खाल्लेल्या महिलांना पोटाचा त्रास झाला, कारण त्या दाण्यातले लेक्टिन नावाचे प्रथिन शिजवूनही पूर्ण निकामी झाले नव्हते. एक गुण ओढला की दुसरा सोबत हलतो. त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा पुरेसा नाही. वाण चुलीवरही पास व्हावा लागतो. (हेच लेक्टिन कच्च्या राजम्यात भरपूर असते. म्हणून राजमा भिजवून, पाणी फेकून, चांगला उकळूनच खावा.)

आपल्याकडेही अशी वाट मळलेली आहे. इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून २०१२ मध्ये 'धनशक्ती' हा लोहयुक्त बाजरीचा वाण महाराष्ट्रात आला. बाजरीला जमते ते घेवड्याला का जमू नये?

मग आईचा राजमा का शिजला नाही?

राजमा गरम आणि दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिला की दाण्याच्या आत रासायनिक बदल होतात आणि तो पाणी घेऊनही मऊ होत नाही. शास्त्रज्ञ याला शिजण्यास कठीण होण्याचा दोष म्हणतात. दूरच्या देशातून बोटीने आलेला, बंदरात थांबलेला, मग पत्र्याच्या गोदामात पावसाळा काढलेला दाणा आमच्या कुकरपर्यंत पोहोचला असेल, तर दोष आईचा नाही. मित्राचा घेवडा नव्या हंगामाचा होता, हाही त्याच्या मऊपणातला मोठा वाटा.

पण वाणावाणातही फरक असतो. लवकर शिजणे हा आनुवंशिक गुण आहे आणि त्यासाठी निवड करता येते. आजवर आपल्या वाणांची तुलना मुख्यतः हेक्टरी क्विंटलवर होत आली. वाण देताना 'किती मिनिटांत शिजतो' हा रकानाही तितक्याच ठळकपणे मांडला गेला पाहिजे, असे मला वाटते. गॅसचा खर्च आणि बाईचा वेळ हाही उत्पादनखर्चच आहे, फक्त तो शेतकऱ्याच्या वहीत दिसत नाही.

खासगी कंपनी हे काम का करणार नाही?

घेवड्याचे बी शेतकरी घरी राखू शकतो. एकदा चांगले बियाणे घेतले की पुढची काही वर्षे कंपनीच्या दुकानात जायची गरज नाही. संकरित मक्याचे किंवा बीटी कापसाचे तसे नसते. शिवाय २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की इथे नफा कमी, म्हणून कंपन्यांना रस कमी. जिथे बाजाराला रस नाही तिथे सरकारी विद्यापीठाने उतरायचे असते.

आणि सरकारी संस्थांनी हे केलेले आहे. राजमा एकेकाळी डोंगराळ भागातले पावसाळी पीक मानला जाई. कानपूरची भारतीय कडधान्य संशोधन संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांच्या 'उदय', 'अंबर', 'उत्कर्ष', 'मालवीय राजमाष' अशा वाणांमुळे तो उत्तरेच्या मैदानांत रब्बीत घेता येऊ लागला. महाराष्ट्रासाठी राहुरीच्या विद्यापीठाने 'वरुण' दिला. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून उडदाचा 'टीएयू-१' दिला. माणसे आहेत, संस्था आहेत, पद्धत माहीत आहे. वाघ्याच्या वाट्याला प्राधान्य यायला हवे.

एवढ्याशा पिकासाठी एवढा खर्च?

हा आक्षेप रास्त आहे. एका तालुक्याच्या पिकासाठी दहा वर्षांचा कार्यक्रम कशाला? माझे उत्तर दोन भागांत.

एक, काम वाघ्यापुरते राहत नाही. उबदार रात्र सोसणारा, मोझॅकला दाद न देणारा गुण एकदा आपल्या मातीतल्या घेवड्यात बसला, की तो पुणे, नाशिक, अहिल्यानगरच्या फरसबीतही नेता येतो. दोन, मानांकन देऊन सरकारने हा दाणा राज्याचा वारसा आहे असे आधीच म्हटले आहे. वारशाला पाटी लावायची आणि छताची गळती तशीच ठेवायची, हे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सुधारित वाण आला की मूळ गावरान नाहीसा होईल. हे अनेक पिकांत घडले आहे. म्हणून मूळ वाघ्याचे नमुने आधी राष्ट्रीय जनुकपेढीत आणि काही शेतांतही जपले गेले पाहिजेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे आणि इतर पिकांचे गावरान वाण घरच्या बियाणे बँकेत राखले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोरेगावातही असे एखादे घर उभे राहायला हवे.

करायचे काय?

पहिले, गावोगावचे वाघ्या बियाणे गोळा करून त्यातून निरोगी, चांगले वंश निवडणे. निवड करताना शेतकरी, स्वयंपाक करणाऱ्या महिला आणि व्यापारी तिघांना प्लॉटवर बोलावणे. दुसरे, निवडलेल्या वंशाची २००१ च्या कायद्याखाली शेतकऱ्यांच्या नावाने नोंदणी. तिसरे, विषाणू, करपा आणि उबदार रात्र यांसाठी बॅकक्रॉसचा कार्यक्रम आजच सुरू करणे.

चौथे, आणि सर्वांत दुर्लक्षित, बियाण्याची साखळी. समजा, एक किलो घेवडा पेरून बारा किलो बियाणे मिळाले. दहा किलो पैदासकार बियाण्यापासून पहिल्या हंगामात १२० किलो, दुसऱ्यात १,४४०, तिसऱ्यात १७,२८० किलो. हेक्टरी ६० किलो धरले तर तीन हंगामांनंतर जेमतेम २८८ हेक्टर. बाजरीला हेक्टरी तीन-चार किलो बी पुरते, घेवड्याचे तसे नाही. म्हणून वाण जाहीर झाल्याच्या दिवशी फोटो काढून भागत नाही. त्या दिवशी पायाभूत बियाण्याचा प्लॉट शेतात उभा असला पाहिजे.

पाचवे, भाव. हमीभाव नाही तर निदान मानांकनाच्या नावाने, काढणीची तारीख छापून, थेट शहरात विक्री. आमच्या भिवंडीच्या गोदामांतून देशभर माल जातो. त्यात कोरेगावचे पाकीट का नसावे?

आईने त्या पाकिटावर जे शोधले ते फार मोठे नव्हते. दाणा कुठला, कोणत्या वाणाचा, कधी काढला. या तीन प्रश्नांची उत्तरे पाकिटावर छापायची असतील, तर आधी ती शेतात तयार व्हावी लागतात. मित्राने परवा फोन केला. येत्या जूनमध्ये अर्धा एकर घेवडा पेरायचा म्हणतोय. बी घरचेच आहे. मडक्यात, राखेत ठेवलेले. ते निरोगी आहे की नाही, हे त्याला सांगणारे कुणी अजून त्याच्या बांधावर आलेले नाही.